मधलं पॅकिंग

इतिहासाच्या पुस्तकांत युगांना धातूंची नावं असतात. ताम्रपाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग. शाळेत एकतीस वर्षं हीच नावं मी फळ्यावर लिहिली. कारण साधं आहे. दगड आणि धातू जमिनीत टिकतात, म्हणून सापडतात. दोर, कातडं, लाकूड, डिंक, लाख हे सगळं कुजून जातं. १९७४ साली तेव्हाच्या नगर जिल्ह्यात दायमाबादला ब्राँझची म्हणून ओळखली जाणारी चार शिल्पं सापडली. त्यात दोन बैल जोडलेला एक सुंदर रथ आहे. पण त्या काळच्या खऱ्या गाड्यांची जुवं ज्या दोरांनी आणि वाद्यांनी बांधली असतील, त्यांचा आज मागमूस नाही. त्यामुळे कुठल्याही पुस्तकात 'दोरयुग' नाही आणि 'कातडंयुग' नाही.

मंडळी, हा विषय एकदम कुठून निघाला असं वाटेल. निघाला तो मोटारसायकलवरून. पुतणीने फोनवर विचारलं, "काकू, गाडीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतंय. पॅकिंग बदललं की झालं ना?" नातेवाईक वाचकांना ती गाडी माहीत आहे. साठच्या दशकातली, आमच्या ह्यांनी १९७८ साली सेकंडहँड घेतलेली. हे गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, ती बहुतेक उभीच आहे. तिचं काय करायचं यावर आपल्या घरच्या ग्रुपवर किती चर्चा झाली तेही सर्वांना ठाऊक आहे. काहीजण म्हणतात विकून टाका. काहीजण म्हणतात आठवण म्हणून नुसती पुसून ठेवा. पुतणी म्हणते, मला चालवायला द्या.

निर्णय घेण्याआधी मी माझ्या सवयीप्रमाणे विषयाच्या मुळाशी गेले. उस्तादांच्या गॅरेजमध्ये चार रविवार खुर्ची टाकून बसले, बरंच वाचलं, आणि लक्षात आलं की या पॅकिंगलाही एक इतिहास आहे. तो कुणी शाळेत शिकवत नाही, एवढंच.

आधी गळती कुठे होते ते समजून घेऊ. जुन्या मोटारसायकलीत पेट्रोल चढवायला पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मध्ये नळी. आपल्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं तसंच. कार्बोरेटरला एक वाटी असते आणि वाटीत तरंगणारा फ्लोट. संडासातल्या फ्लशच्या टाकीत पाणी भरलं की बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं, तीच युक्ती इथे. पेट्रोल ठरावीक उंचीला आलं की फ्लोट वर येतो, एका टोकदार नीडलला ढकलतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. नीडल झिजली किंवा तिच्या तोंडाशी बारीक कचरा अडकला की वाट पूर्ण बंद होत नाही. वाटी भरून वाहते आणि बघणारा म्हणतो, पॅकिंग गेलं.

म्हणजे पहिली गोष्ट अशी, की प्रत्येक गळती पॅकिंगची नसते. टाकीतून इंजिनापर्यंत येताना पेट्रोलला बरेच सांधे पार करावे लागतात. टाकी आणि कॉक यांचा सांधा, कॉकची फिरणारी दांडी, नळीची दोन टोकं, नळी जिथे बोल्टने कार्बोरेटरला जोडली जाते तिथले वायसर, नीडलची बैठक, वाटीचं पॅकिंग. शोधायची पद्धत उस्तादांनी दाखवली ती अशी. इंजिन थंड असताना सगळं फडक्याने कोरडं पुसायचं, कॉक उघडायचा आणि वरून खाली बघत यायचं. सगळ्यात वरचा ओला सांधा गुन्हेगार. थेंब पडतो ती जागा बहुधा निर्दोष असते, कारण पेट्रोल वर पाझरतं आणि खाली ओघळत येतं.

शेवटचा सांधा मात्र वेगळा आहे. कार्बोरेटर जिथे इंजिनाच्या तोंडाशी दोन बोल्टने बसतो, तिथलं पॅकिंग गेलं तर पेट्रोल बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते, कारण इंजिन तिथून श्वास ओढत असतं. मिश्रणात हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं. गाडी उभ्या उभ्या वेडीवाकडी रेस होते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात, प्लग पांढरा पडतो, इंजिन वाजवीपेक्षा तापतं. जमिनीवर एकही थेंब नसतो. या गळतीला मी 'उलटी गळती' म्हणते.

आता थोडं मागे जाऊ. १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून दुचाकी बनवली. मोटारसायकलींचा इतिहास बहुतेक जण तिथून सुरू करतात. त्या काळच्या कार्बोरेटरात हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जायची आणि जाताना वाफ सोबत न्यायची. इंधनाची पातळी, ऊन, रस्त्यावरचे हादरे, सगळ्यांवर मिश्रण अवलंबून. अशाच पद्धतीच्या मोटारगाडीतून ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. शंभरेक किलोमीटरचा प्रवास, नवऱ्याला न सांगता केलेला. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचं डाग काढायचं द्रावण विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीला लावायच्या लांब पिनेने ती साफ केली. वायरवरचं आवरण गेलं तेव्हा मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं.

मुलींना हा प्रसंग सांगताना मी पूर्वी बर्थाबाईंच्या धाडसावर थांबत असे. आता त्यांनी काय काय वापरलं तिकडे माझं लक्ष जातं. पिन, पट्टा, चामडं. इंजिन नवऱ्याचं होतं, पण घरी परत आणलं ते शिवणाच्या डब्यातल्या आणि चांभाराच्या दुकानातल्या वस्तूंनी.

नंतरचं पाऊल १८९३ च्या आसपासचं. बुडापेस्टला दोनात बांकी आणि यानोश चोंका, आणि जर्मनीत मायबाख, यांनी जवळजवळ एकाच वेळी नवा मार्ग काढला. पृष्ठभागावरून हवा नेण्याऐवजी बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, इंधनाचा फवारा हवेच्या झोतात सोडायचा. बांकी आणि चोंका यांना ही कल्पना फुलांवर तोंडाने फुंकून पाणी फवारणाऱ्या फुलवालीला बघून सुचली अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तत्त्व समजायला उत्तम आहे. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि इंधन आपोआप वर खेचलं जातं. बर्नूली १७३८ मध्ये आणि व्हेंचुरी १७९७ मध्ये हे लिहून गेले होते. कार्बोरेटर म्हणजे त्या गणिताला लावलेली वाटी आणि नीडल. पण फवारा हवा तर वाटीत पातळी कायम एकच हवी, आणि पातळी कायम ठेवायची तर सांधे घट्ट हवेत. पॅकिंगचा जन्म या गरजेतून झाला.

मोटारसायकलींच्या जगात या कामाचं एक मोठं घर बर्मिंगहॅम. १९२७ साली तिथे अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र आल्या आणि 'अमल' हे नाव तयार झालं. नाव आपल्याला अगदी घरचं वाटतं, पण ते इंग्रजीतल्या 'एकत्र केलेले' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं आहे. पुढची कित्येक दशकं बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींना अमल असे. आधी वाटी वेगळी आणि मूळ अंग वेगळं असे. मग पन्नासच्या दशकाच्या मध्याला दोन्ही एकाच ओतीव तुकड्यात आणणारा 'मोनोब्लॉक' आला आणि १९६७ साली वाटी खाली, मध्यावर आणणारा 'कॉन्सेंट्रिक'. ही वाटचाल बघितली तर डिझायनर काय करत होते ते दिसतं. सांधे कमी करत होते.

गंमत म्हणजे याच कार्बोरेटरात मुद्दाम गळायची सोयही होती. तिचं नाव टिकलर. वाटीवरचं लहानसं बटण दाबलं की फ्लोट खाली ढकलला जायचा, पेट्रोल पातळीच्या वर यायचं आणि बाहेर सांडायचं. थंडीच्या सकाळी इंजिन लागायला जाड मिश्रण हवं असतं, म्हणून ही युक्ती. बोटाला पेट्रोल लागलं की समजायचं, आता किक मारायची. आमच्या ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना हिवाळाभर तो वास असे. जेवायला बसताना मी रोज हात धुवायला सांगे.

भारतात हे तंत्र वेगवेगळ्या वाटांनी आलं. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एन्फील्ड यांनी मिळून एन्फील्ड इंडिया काढली आणि बुलेट मद्रासला बनू लागली. म्हैसूरला आयडियल जावाने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवली. पुढे तिचीच येझदी झाली आणि कारखाना १९९६ साली बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. जपानची मिकुनी कंपनी अमलच्या परवान्याने कार्बोरेटर बनवत असे, आणि मिकुनीच्या सहकार्याने चेन्नईत बनलेले 'मिककार्ब' पुढे बुलेटला बसले. म्हणजे बर्मिंगहॅमची विद्या जपानमार्गे मद्रासला पोचली आणि तिथून आमच्या मिरजेत आली. व्यापाराचे मार्ग शिकवताना असं एखादं उदाहरण हाताशी हवं होतं.

पण हा सगळा इतिहास धातूचा झाला. मधल्या मऊ गोष्टींचं काय?

जुन्या पेट्रोल कॉकमध्ये बुचाचा, म्हणजे कॉर्कचा तुकडा असे. कॉर्क ही एका जातीच्या ओक झाडाची साल. पोर्तुगालमध्ये ती सर्वांत जास्त निघते. झाड पंचविसेक वर्षांचं झालं की पहिली साल काढतात आणि मग दर नऊ वर्षांनी. पेट्रोलमध्ये भिजलेलं कॉर्क फुगून घट्ट बसतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, टाकी सुकली, की ते आकसतं आणि कॉक गळायला लागतो. चालत्या गाडीचा कॉक गळत नाही आणि उभ्या गाडीचा गळतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

बोल्टखालचे लालसर किंवा करडे वायसर असतात ना, ते 'फायबर'चे. टॉमस टेलर नावाच्या इंग्रजाने १८५९ साली याचं पेटंट घेतलं. कापसाच्या चिंध्यांपासून बनवलेला कागद झिंक क्लोराइडमध्ये भिजवून थरावर थर दाबायचे, की हाडासारखा टणक पदार्थ तयार होतो. म्हणजे मुळात तेही कापडच.

रबराची गोष्ट आणखी वेगळी. गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून ते टिकाऊ करायची रीत शोधली. पण साधं रबर पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतं, त्यामुळे कार्बोरेटरला त्याचा उपयोग नव्हता. पेट्रोलला दाद न देणारं नायट्राइल रबर १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालं. आज सगळीकडे दिसणारी रबरी ओ-रिंग नील्स क्रिस्टन्सन या मूळच्या डॅनिश माणसाची. तिचं अमेरिकेतलं पेटंट १९३९ सालचं आहे. आणि अल्कोहोललाही टिकणारं 'व्हायटॉन' जातीचं रबर १९५७ साली बाजारात आलं.

आणि मग आपली लाख. गॅरेजमध्ये पॅकिंगला लावायला ज्याला 'शेलॅक' म्हणतात, ती लाखच. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांनी सोडलेला राळेसारखा पदार्थ. झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलांत गरीब माणसं ती गोळा करतात. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली. आपल्या लहानपणीच्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच. बांगड्या लाखेच्या, सरकारी पाकिटावरची मोहोर लाखेची. पेट्रोलला आणि तेलाला लाख विरघळत नाही, म्हणून जगभरच्या मेकॅनिकांनी ती सांध्यांना लावली. अमेरिकेतल्या जुन्या कार्बोरेटरांत कॉर्कचे फ्लोट असत, त्यांनाही लाखेचा लेप दिलेला असे. महाभारतातल्या लाक्षागृहामुळे आपल्याला लाख म्हटलं की आग आठवते. इथे ती आग टाळायच्या कामी आली.

आता गंमत बघा. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. सुतार पॉलिश बनवतात ते असंच, स्पिरिटमध्ये लाख भिजवून. आणि आपलं पेट्रोल मात्र गेल्या पंचवीस वर्षांत पुरतं बदललं.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं. ते फार चांगलं झालं. शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं, आणि शाळेत जन्म घालवलेल्या बाईला यापुढे दुसरं कारण लागत नाही. मग जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते. जून २०२२ पर्यंत देशाने सरासरी १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं ई-२० काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र रूढ झालं. कल्पना नवी नाही. मोटारीसाठी अल्कोहोल वापरण्याचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता.

आम्ही राहतो तो मुलूख उसाचा. कारखान्याची मळी, तिच्यापासून इथेनॉल, शेतकऱ्याच्या बिलाला थोडा आधार. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची घरं यावर चालतात. म्हणून इथेनॉलला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. पण इतिहासाच्या बाईने दोन्ही बाजू सांगायला हव्यात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि पाणी जास्त झालं तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि तिथे पत्रा गंजतो, कार्बोरेटरचं जस्त खाल्लं जातं. काही जुन्या जातींचं रबर फुगतं किंवा चिरतं. लाख सुटते. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते आणि ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. नव्या गाड्या यासाठी बनवलेल्या असतात. १९६० सालच्या गाडीचं पॅकिंग १९६० च्या पेट्रोलसाठी होतं. आपल्या गाडीचं दुखणं नेमकं हे आहे. सांध्यात एका काळाची लाख आहे आणि टाकीत दुसऱ्या काळाचं पेट्रोल.

तर उस्तादांनी काय केलं ते सांगते. पुतणीसाठी सविस्तर लिहितेय, बाकीच्यांनी हवं तर हा भाग सोडून द्यावा.

आधी बॅटरीची वायर काढली, कॉक बंद केला, टाकी बाहेर अंगणात रिकामी केली. गॅरेजमध्ये त्या वेळी विडी-सिगारेट बंद, पंखाही बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही पेट घेते. हे ते प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात.

मग कार्बोरेटर उतरवला. इंजिनाला लागणाऱ्या त्याच्या सपाट तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसला. तोंड वाकलेलं होतं. अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, मऊ. हवा आत जाते म्हणून कुणीतरी बोल्ट आवळतं, आवळलं की कडा वाकतात, वाकल्या की आणखी हवा जाते, मग आणखी आवळतात. काहीजण दोन-दोन पॅकिंग घालतात, त्याने कडा वाकायला जास्तच जागा मिळते. उस्तादांनी जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि इंग्रजी आठचा आकडा काढत ते तोंड हलक्या हाताने घासलं. वीसेक मिनिटं. पट्टी परत धरली, उजेड गेला.

पॅकिंग त्यांनी हाताने कापलं. बिडाच्या किंवा लोखंडाच्या भागावर कागद ठेवून हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने ठोकलं की धातूची धारच कागद कापते. पण जस्तावर हातोडी चालवायची नाही. त्यांनी तेलकट अंगठा कागदावरून फिरवला, खालच्या आकाराचा ठसा वर उमटला, तो कात्रीने कापला आणि बोल्टची भोकं पंचने पाडली. पूर्वी अडीनडीला पोस्टकार्डाचंही पॅकिंग होत असे म्हणाले. कुणाच्या खुशालीच्या पत्रावर कुणाची गाडी कोल्हापूरपर्यंत गेली असेल!

फ्लोट पितळी. तो गरम पाण्यात बुडवून धरला. आत पेट्रोल शिरलेलं असेल तर त्याची वाफ होऊन भोकातून बुडबुडे येतात. आले नाहीत. नीडल बदलली. कॉकचं कॉर्क काढून इथेनॉलला टिकणारं रबर घातलं. नळीही तशीच नवी. पेट्रोलच्या बाजूला शेलॅक अजिबात लावली नाही, पॅकिंग कोरडंच बसवलं. बोल्ट एकदा डावा, एकदा उजवा, थोडे थोडे आवळले. मग कॉक उघडून पांढरा कागद खाली ठेवला आणि चहा मागवला. अर्ध्या तासाने कागद कोरडा होता.

मी विचारलं, "उस्ताद, या गाडीचं अजून किती आयुष्य?" ते म्हणाले, "बाई, लोखंड कुठं जात नाही. पॅकिंग मिळालं पाहिजे आणि बसवणारा पाहिजे."

त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. तो आता एका शोरूममध्ये आहे. तिथे गाडीला वायर जोडून स्क्रीनवर दोष वाचतात. त्याच्या कामालाही अक्कल लागते, मी ते कमी मानत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. हवा स्वच्छ व्हायची तर ते हवंच होतं. बोटावर सांडणारं पेट्रोल आपल्याला रम्य वाटतं, पण ते शेवटी कुणाच्या तरी फुप्फुसात जात होतं. प्रश्न फक्त एवढाच की उस्तादांच्या हाताखाली आता एकही पोरगा नाही.

याला जुना दाखला आहे. विहिरीवरची मोट कातड्याची असे. ती फाटायची, गळायची. गावाचा चर्मकार ती शिवून द्यायचा आणि सुगीला त्याला बलुतं म्हणून धान्य मिळायचं. त्या व्यवस्थेत अन्याय भरपूर होता, ज्याच्या शिवणीवर मळा भिजायचा त्यालाच गाव लांब ठेवायचं. पुढे इंजिनं आली, विजेचे पंप आले, मोटा गेल्या. मोटेची लोखंडी कडी आणि चाक आज एखाद्या संग्रहालयात दिसतं. मोट शिवायची कशी, कोणत्या टाक्याने, कातडं किती भिजवून, हे सांगणारं माणूस शोधून काढावं लागेल. ज्याने ते केलं त्याचं नाव तर कुठेच नाही. दायमाबादच्या दोरांसारखंच.

म्हणून घरच्या मंडळींसाठी माझा निर्णय इथेच लिहिते. गाडी विकायची नाही आणि पुसून शोभेलाही ठेवायची नाही. नुसती उभी ठेवली तर कॉर्क आणि रबर आधी जातं आणि मग राहतं ते फक्त लोखंड. गाडी पुतणीला द्यायची. अटी चार. उभी करताना प्रत्येक वेळी कॉक बंद करायचा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं. पेट्रोलचा वास आला तर किक मारायची नाही, आधी सांधे पुसून बघायचे, आणि गाडी लावतो तिथे आग विझवायचं नळकांडं टांगायचं.

चौथी अट उस्तादांशी बोलून ठेवली आहे. पुढचे काही रविवार तिने त्यांच्याकडे जायचं आणि पॅकिंग स्वतःच्या हाताने कापायला शिकायचं. ते म्हणाले, पहिली दहा वाया जातील, कागद मी देतो. ती येत्या रविवारी सकाळी दहाला जाणार आहे. बरोबर एक वही न्यायला मी सांगितलं आहे.